पासातिएम्पोचा जीर्णोद्धार : तीन दिवस, अठरा होल

नाशिककराला गोल्फ हा शब्द लहानपणापासून ठाऊक असतो, पण खेळ म्हणून नव्हे, पत्ता म्हणून. गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेटचे सामने होतात, निवडणुकीच्या सभा होतात, पहाटे मंडळी फेऱ्या मारतात. तेथे गोल्फची काठी हातात घेतलेला माणूस मी मात्र कधी पाहिला नाही. हा खेळ मी शिकलो तो वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, कॅलिफोर्नियात, सनीवेलच्या नगरपालिकेच्या मैदानावर, आणि उशिरा शिकलेल्या माणसाचा खेळ असतो तसाच माझा आहे.

माझे आतेभाऊ, ज्यांना आम्ही सगळी भावंडे दादा म्हणतो, यांची गोष्ट वेगळी. ते तोफखान्यात अधिकारी होते. नोकरीची पहिली आणि शेवटची वर्षे देवळालीत गेली आणि मधल्या काळात, जेथे छावणी तेथे गोल्फ या न्यायाने, त्यांनी देशभरातील लष्करी मैदाने पालथी घातली. त्यांच्या उमेदीच्या काळात पाण्याची टंचाई असलेल्या छावण्यांत हिरवीगार ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची आखूड गवताची जागा, नसायचीच. तेल घालून बसवलेल्या वाळूचे गोल असायचे, त्यांना ब्राउन म्हणत, आणि पुट करण्यापूर्वी, म्हणजे चेंडू जमिनीवरून भोकाकडे ढकलण्यापूर्वी, त्याच्या वाटेवरची वाळू झाडून सारखी करावी लागे. अशा वाळूवर हात बसलेले दादा वहिनींसह दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले, तेव्हा त्यांनी एकच मागणी केली : डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेंझी यांनी आखलेले एक तरी मैदान खेळायचे.

मॅकेंझींची ऑगस्टा नॅशनल आणि सायप्रस पॉइंट ही मैदाने सभासदाच्या आमंत्रणाशिवाय खेळायला मिळत नाहीत आणि असा सभासद आमच्या सात पिढ्यांत कोणी नाही. उरले सांताक्रूझचे पासातिएम्पो. हे मैदान निमखाजगी आहे, म्हणजे वर्गणी भरणाऱ्या सभासदांचा पहिला हक्क राखून उरलेल्या वेळा बाहेरच्या माणसाला पैसे मोजून दिल्या जातात. निमसरकारी या शब्दात जसे सरकार किती आणि बिनसरकार किती हे कधी कळत नाही, तसे येथे होत नाही. फाटक कोणासाठी कधी उघडते हे आधीच स्पष्ट असते. फी मात्र चांगलीच जड आहे. मी ती रुपयांत सांगितली नाही आणि वहिनींनी ती रुपयांत करून पाहिली नाही, हे घरातील शांततेच्या दृष्टीने बरे झाले. मैदानाची मोठी डागडुजी 2023 साली पहिल्या नऊ होलांपासून, म्हणजे मैदानाच्या अठरांपैकी पहिल्या नऊ टप्प्यांपासून, सुरू झाली, दुसऱ्या वर्षी उरलेले नऊ होल हाती घेतले गेले आणि 2024 सरता सरता काम पुरे झाले. एका वेळी अर्धे मैदान बंद आणि अर्धे चालू, असा तो बेत होता. आम्ही गेलो 2025 च्या ऑक्टोबरात, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी.

पहिला दिवस, मंगळवार

सॅन होजेहून सांताक्रूझला जाणारा 17 क्रमांकाचा रस्ता डोंगर ओलांडून समुद्राकडे उतरतो. अंतर जेमतेम 50 किलोमीटरचे, परंतु वळणे अशी की कसारा घाटाची सवय असलेल्या वहिनींनीही आटीव दुधाचा थर्मास मांडीवर घट्ट धरून ठेवला. घाटमाथ्यावर ऊन होते आणि उतरणीला लागताच समुद्रावरून आलेल्या धुक्याचा पट्टा झाडांत अडकलेला दिसला. पासातिएम्पो गावाच्या अलीकडेच, या रस्त्याच्या अगदी कडेला आहे. फाटा चुकला असता तर सरळ समुद्रावर गेलो असतो, आणि त्या दिवशी जायचेही तेथेच होते.

सांताक्रूझचा किनारा पाहण्यात दुपार गेली. 1924 साली उभारलेला लाकडी जायंट डिपर हा रोलर कोस्टर अजून खडखडत धावतो आणि त्याच्या किंकाळ्या दूरवर ऐकू येतात. जुन्या लाकडी धक्क्याचा समुद्राकडील तुकडा 2024 च्या डिसेंबरातील वादळात वाहून गेला होता, ती मोकळी जागा दादांनी बराच वेळ पाहिली. 1885 साली हवाईच्या तीन राजपुत्रांनी याच गावात, सॅन लोरेन्झो नदीच्या मुखापाशी, रेडवुडच्या फळ्या करवून लाटांवर स्वार होण्याचा खेळ केला होता. आज त्या लाटांवर काळ्या पोशाखातील पोरे कावळ्यांसारखी ओळीने बसलेली असतात. संध्याकाळी आदल्या रात्रीचे दूध संपवले आणि उपसागरावर चंद्र वर आला तेव्हा दादा खोलीत गालिच्यावर पेला आडवा ठेवून पुट करीत होते.

दुसरा दिवस, बुधवार

आमची वेळ साडेनऊची होती आणि दादा साडेसातला तयार होते. पहाटेचे धुके अजून पूर्ण विरले नव्हते. पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागी, उभे राहिले की मैदान पायाखालून खाली उतरत जाते आणि झाडांच्या शेंड्यांवरून मॉन्टेरेचा उपसागर दिसतो. त्या सकाळी मात्र उपसागराच्या जागी पांढरी दुलई पसरलेली होती. आमच्या चौकडीत दोन स्थानिक खेळाडू होते : एक सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिका, ज्या अनेक वर्षांच्या सभासद होत्या, आणि त्यांचे अबोल शेजारी. आपल्याकडच्या जुन्या जिमखान्यांत पाहुण्याकडे जशी आधी बुटांपासून वर नजर फिरवतात तशी काही येथे फिरली नाही. बाईंनी हात पुढे केला, पिवळा चेंडू टीवर ठेवला आणि तो सरळ फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या मोकळ्या पट्ट्याच्या, मध्यात टाकून दिला. मी त्यानंतर जे केले ते सांगण्यासारखे नाही. चेंडू झाडीत गेला आणि समुद्राकडे पाहण्याची माझी हौस तेथेच फिटली.

पहिल्या होलची लांबी आणि दुसऱ्याचा उतार यांत फारसे अडकण्याचे कारण नाही. खरे मैदान तिसऱ्या होलपासून बोलू लागते. हा पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा, होल आहे, पण 200 यार्डांहून लांब आणि संपूर्ण चढाचा. टीवरून पाहिले तर बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, थेट ग्रीनला टेकलेले दिसतात. मी त्या हिशेबाने काठी निवडली आणि चेंडू बंकर ओलांडून गेला म्हणून आनंदाने ओरडलोही; वर चढून पाहतो तो चेंडू आणि ग्रीन यांच्यामध्ये गवताचा एक भलाथोरला पट्टा, जो खालून अजिबात दिसत नव्हता. दादा हसले नाहीत. ते बंकराच्या मागे उभे राहून खाली टीकडे पाहत होते.

"अरे, हे तर आमचं शास्त्र आहे," ते म्हणाले. "समोरची कड आणि मागची कड एकात एक बसवली, की शत्रूला मधली जमीन दिसतच नाही. या डॉक्टरानं लपवाछपवी शिकली कुठे?"

तोफखान्यातील माणसाने हा प्रश्न विचारावा यात नवल नाही, कारण त्याचे उत्तरही रणांगणावरचेच आहे. 1870 साली यॉर्कशायरमध्ये जन्मलेले मॅकेंझी हे शिक्षणाने डॉक्टर होते आणि दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात ते ब्रिटिश फौजेबरोबर शल्यचिकित्सक म्हणून गेले होते. मूठभर बोअर शेतकरी जमिनीच्या नैसर्गिक उंचसखलपणाचा उपयोग करून आपले चर कसे दडवतात आणि जेथे चर नाहीत तेथे ते असल्याचा भास कसा निर्माण करतात, हे त्यांनी तेथे पाहिले. पुढे पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्याला हीच विद्या शिकवली आणि गोल्फच्या मैदानावरही तीच उतरवली. माणसाने केलेले काम निसर्गाने केल्यासारखे दिसले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. येथील बंकरांच्या कडा फाटलेल्या ढगासारख्या वेड्यावाकड्या आहेत, त्या याच आग्रहापोटी. तिसऱ्या होलपासून पुढे दादांनी प्रत्येक टीवर आधी जमीन वाचली आणि मग काठी काढली, आणि मला वाटते की त्या दिवशी त्यांचा जो खेळ जमला तो यामुळेच.

सहावा होल पार पाचचा, लांबलचक, आणि त्याच्या डाव्या हाताला घरांची रांग आहे. त्यांतील एक घर मॅकेंझींचे. जगभर मैदाने आखत हिंडलेल्या या माणसाने आयुष्याची शेवटची वर्षे येथे काढली आणि 1934 च्या जानेवारीत सांताक्रूझमध्येच त्यांचे निधन झाले. ऑगस्टाची पहिली मास्टर्स स्पर्धा त्यानंतर दोन महिन्यांनी भरली, ती त्यांना पाहायला मिळाली नाही. त्यांची रक्षा याच मैदानावर विखुरण्यात आली. बाईंनी काठीच्या टोकाने घर दाखवले तेव्हा दादांनी टोपी काढली, क्षणभर थांबले आणि पुन्हा घालून चेंडूकडे गेले. मागची चौकडी वाट पाहत होती, त्यामुळे यापेक्षा अधिक काही करता येण्यासारखे नव्हते.

आठव्या होलच्या ग्रीनवर मी चार पुट घेतले. लाज वाटण्याचे कारण नाही, असे बाईंनी दोनदा सांगितले, त्यावरून ती वाटायला हवी हे माझ्या ध्यानात आले. पहिला पुट उताराचा होता. चेंडूला मी केवळ हात लावला आणि तो होलच्या बाजूने, किंचितही न थबकता, माझ्यापासून दूर दूर निघून गेला. मग त्या बाईंनी, नवव्या होलकडे जाता जाता आणि त्याच्या टीवर वाट पाहता पाहता, दोन वर्षांच्या कामाचा अर्थ समजावून सांगितला. तो मला इतका पटला की येथे सविस्तर लिहितो.

मैदान 1929 साली झाले, तेव्हा ग्रीनवरचे गवत आजच्यापेक्षा कितीतरी उंच ठेवले जाई. उंच गवतावर चेंडू रेंगाळतो, म्हणून मॅकेंझींनी ग्रीनला मोठमोठे उतार आणि वळसे दिले. चेंडू त्यांवर वळायचा, पण थांबायचा. पुढे गवत कापण्याची यंत्रे सुधारली, गवत काही मिलिमीटरांवर आले आणि त्याच उतारांवर चेंडू घसरू लागला. त्यात दुसरी अडचण अशी की वर्षानुवर्षे यंत्र फिरवणारा माणूस कडेला थोडा थोडा आत वळतो, कोपरे गोलावतात आणि ग्रीन दरवर्षी बोटभर आकसते. बंकरातून मारलेल्या प्रत्येक फटक्याबरोबर मूठभर वाळू काठावर उडून पडते, ती साठत साठत काठाला उंची येते आणि तेथील पृष्ठभागाचा मूळ आकार बुजून जातो. परिणामी ग्रीन लहान झाले, उतार घसरडे झाले आणि ज्या जागी होल कापला तर चेंडू जवळ थांबू शकेल अशा जागा फार थोड्या उरल्या. रोज त्याच त्या जागी होल कापावा लागल्यामुळे तेथील गवतही तुडवले जाऊ लागले.

या कामासाठी जिम अर्बिना या मैदान-रचनाकाराला बोलावण्यात आले. ते या मैदानाला नवखे नव्हते. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून टॉम डोक यांच्याबरोबर त्यांनी येथील बंकर मूळ रूपाकडे नेण्याचे काम केले होते. यावेळी त्यांनी जुनी छायाचित्रे समोर ठेवून ग्रीनच्या हरवलेल्या कडा परत मिळवल्या, आकसलेले कोपरे पुन्हा बाहेर नेले, पृष्ठभागाखाली निचऱ्याची नवी व्यवस्था केली, आणि जेथे आजच्या वेगाला उतार झेपतच नव्हता तेथे तो अगदी हलक्या हाताने कमी केला. म्हणजे दोन वर्षे खपून, भरपूर पैसा ओतून, त्यांनी मैदान नवे केले नाही, तर जुने केले. इंग्रजीतून आलेल्या बातम्या वाचून मी इतके दिवस याला नूतनीकरण म्हणत होतो. दादांनी ती चूक नवव्या होलच्या चढावर, धापा टाकत, दुरुस्त केली : "नूतनीकरण नाही रे, जीर्णोद्धार म्हण." आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार म्हटले की जुना दगड झाकून गुळगुळीत फरशी बसवतात आणि वर तैलरंग फासतात, अशी माझ्या मनातली भीती असते, येथे फरशी उचकटून दगड मोकळा केलेला होता.

उतार कमी केला हे काही जुन्या सभासदांना आवडलेले नाही, असेही बाई म्हणाल्या. मूळ शिल्पात बदल कशाला, असा त्यांचा मुद्दा. माझ्या मते बदलला तो उतार नव्हे. उताराचा अर्थ गवताच्या उंचीने आधीच बदलून टाकला होता, आणि आठव्यावर चार पुट घेणाऱ्याला उतार आणखी थोडा कमी असता तरी चालले असते.

नऊ होल झाल्यावर एकेक सँडविच उभ्याउभ्या खाल्ले. धुके हटले होते. दहाव्या टीपासून मैदानाचा स्वभाव पालटतो, कारण मागल्या नऊ होलांमधून खोल घळी गेल्या आहेत. स्पॅनिशमध्ये त्यांना बारांका म्हणतात. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला घळीचे कौतुक सांगावे लागत नाही, पण आपण घळीत उतरतो ती पाणी, सावली किंवा रामदास स्वामींच्या निमित्ताने. तिच्यावरून चेंडू मारण्याची कल्पना वेगळी आहे. मॅकेंझींनी या घळी बुजवल्या नाहीत की टाळल्या नाहीत. दहाव्या टीसमोर ती आडवी येते, अकराव्यावर फेअरवे तिरका छेदून जाते, पंधराव्यावर, सोळाव्यावर आणि अठराव्यावर पुन्हा वाट अडवते. एकच ओढा किती वेळा आणि किती तऱ्हांनी आडवा आणता येतो याचा जणू तो पाठच आहे. अकराव्यावर मी दोन चेंडू घळीला वाहिले. तिसरा पलीकडे पोहोचला तेव्हा अबोल शेजाऱ्यांनी प्रथमच तोंड उघडून माझे अभिनंदन केले.

बाराव्याबद्दल सांगण्यासारखे काही घडले नाही आणि तेरावा मी मोजला नाही. चौदाव्याच्या वाटेवर बाईंनी जुली इंक्स्टरचा विषय काढला. ही सांताक्रूझची मुलगी याच मैदानाच्या कडेला वाढली आणि तिने 1980, 1981 व 1982 अशी लागोपाठ तीन वर्षे अमेरिकेची महिला हौशी अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. तीच स्पर्धा 1986 साली पासातिएम्पोवर भरली होती. महाविद्यालयीन खेळाडूंची वेस्टर्न इंटरकॉलेजिएट स्पर्धा 1947 पासून येथील आहे. दादांनी हे सगळे ऐकून घेतले आणि पंधराव्यावर, 140 यार्डांच्या छोट्या होलवर, घळीपलीकडे चेंडू असा अलगद ठेवला की एका पुटमध्ये तो भोकात गेला. देवळालीतील कोणालाही हे खरे वाटणार नाही म्हणून मी छायाचित्र काढावे, असा त्यांचा हुकूम झाला.

आता सोळावा. पार चार, लांबी 400 यार्डांच्या आत, आणि आपल्याला माहीत असलेला, दोन फटक्यांत ग्रीन गाठण्याचा सर्वांत उत्तम होल असे स्वतः मॅकेंझी यालाच म्हणत. आपल्याच कामाला असे प्रशस्तिपत्र देणे हे डॉक्टरच करू जाणे. टीवरून ग्रीन दिसत नाही. समोर एक टेकाड आहे, त्यावर दिशा दाखवणारे निशाण रोवले आहे आणि त्या निशाणाच्या भरवशावर फटका मारायचा. मी असहाय झालो. दादा मात्र खुलले. न दिसणाऱ्या लक्ष्यावर, मधल्या काठीवर नेम धरून मारा करणे हाच त्यांचा तीस वर्षांचा धंदा होता. त्यांनी निशाणाच्या काठीच्या किंचित डावीकडे नेम धरला, कारण त्यांच्या मते जमीन पलीकडे उजवीकडे उतरत असणार, आणि टेकाडावर चढून पाहिले तर ती खरोखरच तशी उतरत होती व चेंडू फेअरवेच्या मध्यात विसावला होता.

पण खरी परीक्षा तेथून पुढे होती. समोर घळ, घळीपलीकडे चढ, आणि चढावर तीन पायऱ्यांचे ग्रीन, गोदाघाटाच्या पायऱ्यांना गवत उगवावे तसे. होल त्या दिवशी मधल्या पायरीवर कापला होता. दादांचा चेंडू खालच्या पायरीच्या तोंडाशी पडला, क्षणभर थांबल्यासारखा वाटला आणि मग मागे फिरून, कोणालाही घाई नसल्यासारखा, हळूहळू उतरत ग्रीनच्या बाहेर गेला. माझा चौथा फटका वरच्या पायरीवर पोहोचला, म्हणजे ज्या जागेवरून पुट करणे कोणाच्याही नशिबी येऊ नये अशा जागी. बाईंनी चेंडू होलपासून हातभर अंतरावर ठेवला. त्यांनी सांगितले की डागडुजीपूर्वी अशा फटक्यानंतर चेंडू तेथे राहिला असता की नाही याची त्यांना खात्री नव्हती. त्या पायरीवर आम्ही चौघे पाच-सात मिनिटे नुसते चालत होतो, वाकून उतार पाहत होतो. दादांनी सहा घेतले आणि मी किती घेतले ते कार्डावर आहे.

अठरावा होल पार तीनचा आहे. शेवटचा होल असा आखूड असणे अपवादात्मक, आणि काहींना तो शेवट अपुरा वाटतो. मला तसे वाटले नाही. दमलेल्या पायांनी शेवटी पुन्हा एकदा घळीसमोर उभे राहायचे, पलीकडे क्लबाच्या इमारतीतून लोक कॉफीचे पेले घेऊन पाहत असतात, आणि तुमच्याकडे एकच फटका असतो. दादांचा गेला, बाईंचा गेला, शेजाऱ्यांचा गेला. माझा घळीच्या पलीकडच्या काठावर आदळला, उसळला आणि गवतात अडकून राहिला. दादांची बेरीज 91 झाली. माझी शंभराच्या पुढची होती.

तिसरा दिवस, गुरुवार

न्याहारीसाठी पुन्हा क्लबावर यायचे हा बेत वहिनींचा. आदल्या रात्री दादांनी सोळाव्या होलची कथा दोनदा सांगितल्यावर त्यांनी एवढेच विचारले होते, की डॉक्टर डॉक्टर काय चाललेय, जागा कोणाची होती? तेथील जुन्या इमारतीला हॉलिन्स हाउस म्हणतात, आणि ते नाव ज्या बाईचे आहे तिचीच जागा होती, तिचाच बेत होता, पैसाही तिनेच उभा केला होता. मॅरियन हॉलिन्स न्यूयॉर्कजवळच्या सधन घरात 1892 साली जन्मली आणि 1921 साली अमेरिकेची महिला हौशी अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. पुढे ती कॅलिफोर्नियात आली आणि सायप्रस पॉइंटच्या उभारणीत तिचा मोठा हात होता. तेथील समुद्रावरून मारायच्या सोळाव्या होलबद्दल चर्चा चालली असता, इतक्या लांबचा फटका शक्य नाही असे म्हटले गेले, तेव्हा तिने चेंडू ठेवला आणि समुद्र ओलांडून पलीकडे मारून दाखवला, ही कथा मॅकेंझींनीच सांगितली आहे. त्याच मॅकेंझींना तिने सांताक्रूझच्या या टेकड्यांवर आणले. उद्घाटनाचा सामना 8 सप्टेंबर 1929 रोजी झाला. त्यात ती स्वतः, नामवंत गोल्फपटू बॉबी जोन्स, ग्लेना कोलेट आणि सिरिल टॉली हे चौघे खेळले. जोन्स त्या दिवशी मोकळे होते ते एका अपघातानेच. पेबल बीचवरील राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत जॉनी गुडमन या कोवळ्या पोराने त्यांना घरी धाडले होते. त्या सुटीत मॅकेंझींची दोन मैदाने खेळून झाल्यावर जोन्स यांनी ऑगस्टाच्या आखणीसाठी मॅकेंझींचीच निवड केली.

उद्घाटनानंतर दोन महिने झाले नाहीत तोच शेअर बाजार कोसळला. केटलमन हिल्स येथील तेलाच्या विहिरींतून मॅरियनला मोठी रक्कम मिळाली होती, ती तिने येथे ओतली, पण मंदीपुढे टिकली नाही. 1932 साली पहिल्या कर्टिस चषकासाठी ती अमेरिकी संघाची कर्णधार म्हणून इंग्लंडला गेली. 1937 मध्ये मोटार अपघातात जबर जखमी झाली. 1940 मध्ये पासातिएम्पो तिच्या हातून गेले आणि 1944 मध्ये ती गेली. गोल्फच्या जागतिक सन्मान दालनात तिचा समावेश झाला तो आता आता, 2022 साली.

"म्हणजे डॉक्टरांचं घर दाखवतात, त्यांच्या बंकरांचे फोटो बघून ते परत बांधतात, आणि हिचं नाव जेवणाच्या खोलीला," वहिनी म्हणाल्या. दादांनी त्यावर काही उत्तर दिले नाही, अंडी खात राहिले. मला वाटते वहिनींचा मुद्दा बिनतोड होता.

बाहेर पडताना आम्ही मैदानाच्या कडेने थोडे चाललो. काठावरचे गवत तसेच सुकू दिलेले होते आणि मधल्या पट्ट्याला पाणी दिलेले होते. 2014 च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्यावर निर्बंध आले तेव्हा या मैदानाचे चांगलेच हाल झाले होते. त्यानंतर शेजारच्या स्कॉट्स व्हॅली गावाचे सांडपाणी प्रक्रिया करून वापरण्याची व्यवस्था झाली. पाणीटंचाईच्या छावण्यांत ब्राउनवर खेळलेल्या दादांना सगळ्या मैदानात ही गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटली. दुपारी फेल्टनजवळची रेडवुडची जंगले पाहायची असे ठरले होते आणि आम्ही ती पाहिलीही, परंतु त्या प्रचंड बुंध्यांखाली उभे राहूनही दादा मला मधली पायरी डावीकडे कलली होती की उजवीकडे हेच विचारत होते. मी डावीकडे म्हणालो, ते उजवीकडे.

त्याआधी, क्लबावरून निघताना, सरावाच्या ग्रीनपाशी वहिनी थांबल्या. साडीवर कॅनव्हासचे बूट होते. त्यांनी दादांच्या पिशवीतून पुटर मागून घेतला, एक चेंडू खाली ठेवला आणि कोणी काही शिकवण्याच्या आत मारला. चेंडू होलच्या दिशेने गेला, काठावर आला, वळसा घालून पलीकडे निघाला आणि नव्याने परत मिळवलेल्या त्या लांबच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन थांबला.

"उतार पाहिला नाहीस," दादा म्हणाले.

"पाहिला होता," वहिनी म्हणाल्या, "दुसरा चेंडू द्या."